शेकडा चाळीस

आयुर्विम्याच्या कचेरीत माझी छत्तीस वर्षे गेली. माणसांच्या मरणाचे कोष्टक हे तिथले पोथीपुस्तक. चाळिशीतल्या हजार माणसांपैकी वर्षभरात अंदाजे किती जातील, ते कोष्टक सांगते. पण कोण जाईल, असे विचाराल तर ते मुके होते. मरणाच्या या हिशेबाला मी सरावलो होतो. जन्माचा हिशेब मात्र यंदा प्रथमच माझ्यापुढे आला.

माझ्या भाचीच्या लग्नाला सात वर्षे झाली, पण घरात पाळणा हलला नाही. शेवटी दोघांनी 'टेस्ट ट्यूब'चा मार्ग धरला. दोन भ्रूण चांगले वाढीला लागले आणि घरात वाद सुरू झाला : एक गर्भाशयात सोडायचा की दोन्ही? सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही सोडा. लवकुश येऊ देत, एका बाळंतपणात संसार पुरा!" जावईबापूंना दुसऱ्या खेपेचा खर्च दिसत होता. डॉक्टरबाईंनी भाचीचे वय, किती वर्षे वाट पाहिली, भ्रूणाची प्रत, हे सारे पाहून सांगितले, "प्रत्येकाची शक्यता शेकडा चाळीस धरा."

भाची कागद-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. "मामा, दोन सोडले तर ऐंशी ना?"

"ऐंशी नव्हे, चौसष्ट," मी म्हणालो. शंभर बायका धरा. पहिला भ्रूण साठजणींच्या बाबतीत रुजत नाही. त्या साठांतल्या छत्तीसजणींचा दुसराही रुजत नाही. उरल्या चौसष्ट. पण त्यांतल्या सोळाजणींचे दोन्ही रुजतात. म्हणजे दिवस राहिलेल्या दर चौघींत एकीला जुळे!

"आणि एकेक सोडला तर?"

पहिल्या खेपेला चाळीस. उरलेल्या साठांतून दुसऱ्या खेपेला चोवीस. बेरीज तीच, चौसष्ट! जुळ्यांचा धोका मात्र जवळजवळ नाही. एकच भ्रूण दुभंगून जुळे होते, ते क्वचितच. दुसरा भ्रूण तोवर गोठवून ठेवता येतो. शरीर काही माझ्या पेन्सिलीइतके काटेकोर वागत नाही, पण हिशेबाचा साचा हाच.

जुळ्यांना धोका म्हटलेले सासूबाईंना रुचले नाही. वाचकहो, तुम्हालाही कदाचित रुचणार नाही. जुळी गोड दिसतात ती बाबागाडीत. पण निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवडे भरण्याआधीच जन्मतात; कित्येकांचे पहिले दिवस काचेच्या पेटीत जातात आणि आईचा रक्तदाब चढण्याचे भयही वाढते. गंमत अशी की २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात जन्मलेली या उपचाराची पहिली मुलगी, लुईज ब्राऊन, एकाच स्त्रीबीजातून आली होती. पुढे औषधांनी बीजे पुष्कळ मिळू लागली, यशाच्या आशेने एकदम तीन-तीन, चार-चार भ्रूण सोडले जाऊ लागले आणि जुळ्या-तिळ्यांची रांग लागली. त्यातून शहाणे होऊन डॉक्टर पुन्हा 'एका वेळी एक'कडे वळले.

भाचीने एकच सोडायचा ठरवला. पंधरा दिवसांनी तपासणी झाली. काही नव्हते.

ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. सासूबाई सोबत होत्या; त्या बोलल्या नाहीत, नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. बऱ्याच वेळाने भाचीने विचारले, "मामा, आता ते चौसष्ट राहिले नाहीत ना?"

तिला खोटा धीर देणे सोपे होते. पण हिशेब मीच मांडून दिला होता.

"नाहीत, बाळ. आता चाळीसच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चाळीस म्हणजे काही थोडे नव्हेत."

तुळशीचे लग्न झाले की दुसरी खेप आहे. जावईबापूंनी रजेचा अर्ज आताच देऊन ठेवला आहे.