माइल्स कधी बिघडला?

न्यूयॉर्कमधल्या जुन्या जॅझवेड्यांत भांडण लावून द्यायला एक प्रश्न पुरतो: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस कधी बिघडला? कोणी १९६९ म्हणतं, कोणी १९८१. क्वीन्समधले अप्पा, मूळचे गिरगावचे निवृत्त इंजिनियर, १९७२ वर ठाम आहेत.

त्यांचा माइल्स म्हणजे १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू'. मॅनहॅटनमध्ये ईस्ट तिसाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता, तिथे दोन बैठकांत ही रेकॉर्ड झाली. त्यातलं 'सो व्हॉट' ऐकताना अप्पांना काफी थाट सापडला. सूर तेच, कॉर्ड्‌सची घाई नाही, बढत करायला ऐसपैस जागा. सोळा बार एका षड्जावर, पुढचे आठ अर्ध्या सुराने वर, मग आठ पुन्हा मूळ जागी. आपल्याकडे गवयाने मध्येच तंबोरा असा चढवला, तर श्रोते चपला शोधू लागतील. अप्पांना मात्र त्या अर्ध्या सुरावर अजूनही शहारा येतो.

मग १९७२मध्ये आला 'ऑन द कॉर्नर'. त्यात सतार होती, तबलाही होता. तबल्यावर बादल रॉय. ग्रीनिच व्हिलेजमधल्या भारतीय रेस्टॉरंटात वाजवायचे, तिथेच माइल्सबरोबर वाजवणाऱ्या गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिनशी त्यांची गाठ पडली होती. गिरगावच्या माणसाला याहून काय हवं? पण ठेका नाही, तिहाई नाही, आणि सम कुठे म्हणून विचारायची सोय नाही. "तबला विरार लोकलमध्ये चेंगरलाय हो," अप्पा आजही चिडून सांगतात.

चिडणारे ते एकटे नव्हते. जॅझ समीक्षकांनी ती रेकॉर्ड झोडपली आणि ती फारशी खपलीही नाही. माइल्सला तरुण कृष्णवर्णीय श्रोते हवे होते. त्याच्या कानात फंकवाले स्लाय स्टोन आणि जेम्स ब्राउन होते, शिवाय जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनही. निर्माता टिओ मॅसेरो टेप कापून-जोडून रचना उभ्या करत होता. हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांनी पुढे तीच रेकॉर्ड डोक्यावर घेतली.

अप्पांचा कान तयार आहे, पण इथे तो चुकीच्या वाद्याकडे लागलेला असतो. स्टीव्ही वंडरच्या बँडमधून आलेला मायकेल हेंडरसन बासवर एकच तुकडा घोळवत राहतो. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा चालतो ना, अगदी तसा. त्या लेहऱ्यावर ड्रम्स, कोंगा, तबला सगळेच एकदम सुटलेले; 'ब्लॅक सॅटिन'मध्ये तर टाळ्यांचेही थर आहेत. तबला साथीला बसलेला नाही आणि मुख्य कलाकारही नाही. हे ऐकून अप्पा म्हणतात, "मग त्याला बोलावलाच कशाला?"

जुनं वाजव, ही त्यांच्या पिढीची मागणी माइल्सने वर्षानुवर्षं उडवून लावली. उलट १९८५मध्ये पॉप गायिका सिंडी लॉपरचं 'टाइम आफ्टर टाइम' रेकॉर्डवर आणलं. त्याबद्दल अप्पांशी बोलूच नये. अखेर जुलै १९९१मध्ये माँत्र्योच्या जॅझ महोत्सवात संगीतकार क्विन्सी जोन्सच्या आग्रहाने तो गिल इव्हान्ससोबत केलेल्या जुन्या रचनांकडे वळला. प्रकृती खालावलेली होती, आधाराला तरुण ट्रम्पेटवादक वॉलेस रोनी शेजारी उभा होता. २८ सप्टेंबरला माइल्स गेला.

त्या मैफलीची सीडी अप्पांनी निघाल्या निघाल्या घेतली. कशी वाटली विचारलं, तर म्हणाले, "बरी आहे. पण हे सगळं त्याने आधीच केलेलं, नवीन काय त्यात?"