संध्याकाळचे सैनिक

तोफखाना म्हटलं की मराठी माणसाला देवळाली आठवते. लंडनमध्ये मात्र तोफखाना चक्क ऑफिसांच्या गर्दीत आहे! मूरगेट स्टेशनवरून सिटी रोडने उत्तरेला थोडं चाललं की उंच इमारतींच्या मधोमध एक हिरवंगार मैदान आहे. ते मैदान आणि तिथलं १७३५ सालचं आर्मरी हाऊस म्हणजे ऑनरेबल आर्टिलरी कंपनीचं घर. नावात कंपनी असली तरी ही ब्रिटिश लष्कराच्या राखीव दलातली रेजिमेंट. आपल्याला माहीत असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीपेक्षाही ६३ वर्षांनी मोठी!

आठव्या हेन्रीने हिला सनद दिली १५३७ मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ९३ वर्षं आधी. तेव्हा 'आर्टिलरी' या शब्दात धनुष्यबाणही यायचे. शहरातले व्यापारी, कारागीर फावल्या वेळात नेमबाजी शिकायचे, शहरावर वेळ आली तर धावून जाता यावं म्हणून. १६४१ पासून हे मैदान त्यांचं. क्रिकेटवेड्यांसाठी सांगतो, १७४४ साली इथे केंट विरुद्ध ऑल इंग्लंड सामना झाला, आणि त्याचा धावफलक आजही उपलब्ध आहे. १७८४ मध्ये लुनार्डी नावाचा इटालियन इथूनच हायड्रोजनच्या फुग्यात बसून उडाला. सोबत मांजर, कुत्रा आणि कबूतर!

असो. हे सगळं आजच लिहायचं कारण म्हणजे आमच्या लेकीने तिथे भरती व्हायला अर्ज केलाय.

वय २४. जन्म इथलाच, नोकरी हिशेबाची. आठवड्यातली एखादी संध्याकाळ, काही शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवड्यांचा कॅम्प, बाकी नोकरी चालूच, असं तिने आम्हाला जेवताना सांगितलं. बायकोने ताटावरून मान वर केली नाही. सांगलीला आईला फोनवर कळलं तेव्हा ती एकच वाक्य बोलली, "तुझ्या आजोबांनी बेचाळीसला ज्यांच्यापायी तुरुंग भोगला, त्यांच्याच फौजेत का रे?"

याला काय उत्तर द्यायचं? मी महिनाभर जमेल तेवढं वाचतोय.

लंडनकरांना ही रेजिमेंट मुख्यतः माहीत आहे ती सलामीमुळे. टॉवर ऑफ लंडनला शाही प्रसंगी तोफा झडतात त्या हिच्या. राजघराण्यातल्या वाढदिवसाला ६२ वेळा. हिशेब गमतीदार आहे. मूळ सलामी २१, टॉवर हा राजवाडा म्हणून आणखी २०, आणि सिटी ऑफ लंडनच्या निष्ठेखातर पुन्हा २१. राणी एलिझाबेथ गेल्यावर ९ सप्टेंबर २०२२ ला मात्र ९६ तोफा झडल्या, आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक.

पण खरं काम वेगळंच आहे, आणि ते बिनआवाजाचं आहे. १९७३ पासून हिच्याकडे टेहळणी करण्याचं आणि लक्ष्य हेरण्याचं काम आलं. शीतयुद्धात बेत असा होता की, सोव्हिएत रणगाडे पश्चिम जर्मनीत घुसले तर आपली फौज मागे हटेल, पण या छोट्या तुकड्या जमिनीखाली खड्ड्यात लपून तिथेच राहतील. रणगाडे डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचे आणि मग त्यांची जागा वायरलेसवरून कळवायची. तोफ डागणारे दुसरे, हे तोफेचे डोळे. आणि ते कोण? तर एरवी बँकेत नाहीतर कोर्टात काम करणारी माणसं!

ती वेळ आली नाही. दुसऱ्या वेळा आल्या. पहिल्या महायुद्धात हिची माणसं फ्रान्समध्ये लढली, दुसऱ्यात एल अलामेनला. डिसेंबर २००७ मध्ये अफगाणिस्तानात हेल्मंडला हिचा एक तरुण सैनिक मारला गेला. तोही राखीव दलातलाच. 'राखीव' या शब्दाचा भरवसा किती धरायचा, ते बापाला या एका ओळीतून कळतं. राखीव म्हणजे सुरक्षित नव्हे. राखीव म्हणजे बोलावणं येईपर्यंत घरी.

परवा आईला पुन्हा फोन केला. म्हटलं, "आई, आजोबा जिथे राहत होते त्या गावासाठी ते उभे राहिले. ही जिथे जन्मली ते गाव हे आहे."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गावासाठी उभं राहणं निराळं, आणि सरकार पाठवेल तिथे जाणं निराळं."

खरं सांगतो, याला माझ्याकडे उत्तर नाही. १५३७ ची ती नेमबाज माणसं स्वतःच्या वेशीवर उभी राहणार होती, आणि हेल्मंड काही लंडनची वेस नाही. लेकीला मी आजीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मुलाखतीत हाच प्रश्न मी त्यांना विचारणार आहे."

पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. आत्या, मामा, वाचत असाल तर कृपया लगेच आईला फोन करू नका. आधी मला करा.