पुढचे शॉकप

पावसाळा ओसरला की आदिलाबादेत पुढचं चाक काढून ठेवलेल्या गाड्या दिसू लागतात. जैनथ-बेलाकडच्या कापूसपट्ट्यातली गाडी लगेच ओळखू येते: मडगार्डच्या आत काळी माती थापलेली आणि शॉकपच्या चकचकीत पाईपावर तेलाचा ओला पट्टा. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळात, मातीही हीच आणि दुखणंही हेच.

ही माती ओली असते तोवर नुसता वैताग देते. वाळली की कापते. पाईपावर शिंतोडे सुकतात, खड्ड्यात शॉकप दबतो आणि तो कडक कण ऑइल सीलच्या रबरी ओठाखाली शिरतो. कधी ओठ फाटतो, कधी क्रोमला चरा पडतो. चऱ्यात पाणी, पाण्याने गंज. मग ती खरखर प्रत्येक नव्या सीलला खाते. नुसतं सील बदलून नेलेली गाडी परत का येते, ते एवढ्यात आलं. तेल खाली ब्रेकच्या लायनरपर्यंत पोचलं, की गोष्ट खर्चाची राहत नाही, जिवाची होते. सुरुवातीची गळती असेल तर एक्स-रेच्या जुन्या फिल्मची पातळ पट्टी ओठाखालून फिरवून कचरा ओढून काढतात. कधी कधी तेवढ्यावर भागतंही.

शॉकप म्हणजे दुर्बिणीसारखी नळीत सरकणारी नळी, आत स्प्रिंग आणि स्प्रिंगला आवरायला तेल. 1935 साली बीएमडब्ल्यूने आर 12 या गाडीला हे दिलं, आणि आपल्या साध्या शंभर सीसीच्या गाडीतही मूळ युक्ती तीच आहे. उघडायची रीत मात्र अंगी भिनावी लागते. पाईप हँडलखालच्या पकडीत, म्हणजे टीमध्ये, घट्ट आहे तोवरच वरचा बोल्ट सैल करायचा. बाहेर काढल्यावर तो धरायला जागाच उरत नाही. तळाचा अॅलन बोल्ट आतल्या दांड्यासकट गरगर फिरू लागतो, म्हणून स्प्रिंग दाबून धरायची. मग काळपट, कुबट तेल डब्यात पडतं. ते उन्हात धरावं. चमचमणारी बारीक पूड दिसली, तर धातू धातूला घासतोय.

मला यातलं सर्वांत आवडतं ते झीज वाचणं. ती पाईपाभोवती सारखी नसते. पुढे आणि मागे जास्त, कडेला कमी. ब्रेक मारला की मागचं पोतं, बायको, पोरं, सगळ्यांचा भार पुढे येतो आणि पाईप मागे वाकू पाहतो. "भाऊ, पुढचा ब्रेक लय दाबता तुम्ही," मिस्त्री पाईप बोटांत फिरवत म्हणतो. गिऱ्हाइकाला गाडी चालवताना त्याने कधी पाहिलेलं नसतं. पाईप सपाट काचेवर लोळवला की वाकडेपणाही कळतो. अनेक लहान गाड्यांत बदलता येईल असा बुशच नसतो. अॅल्युमिनियमची खालची नळी, म्हणजे बॉटम, झिजली, तर बॉटमच नवा. तिथे काटकसर करू नये.

पौष अमावस्येच्या नागोबा जत्रेआधी हे काम उरकलेलं बरं. गोंडांच्या मेसराम कुळातली मंडळी नागोबासाठी गोदावरीचं पाणी अनवाणी चालत जाऊन आणतात. बाकी कितीतरी लोक गुडिहतनूरवरून इंद्रवेल्ली, केसलापूरकडे मोटारसायकलवर निघतात, एकेका गाडीवर तिघं-तिघं.

नवं सील बसवताना पाईपाच्या धारेवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात, म्हणजे ओठ कापत नाही. जुनं सील वर ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके. तेल मापून, दोन्हीकडे सारखं.

माझं स्पष्ट मत आहे की काळ्या मातीच्या मुलखात उघडा क्रोम पाईप हा शोरूममधला नखरा आहे. जुन्या गाड्यांना असत तसे घडीचे रबरी बूट हवेत. मिस्त्रीला ते पटत नाही. बुटाच्या आत ओल कोंडते, वरून काही दिसत नाही आणि पाईप आतल्या आत सडतो, असं तो म्हणतो. त्याच्या मते फडकं बरं, रोज संध्याकाळी. बूट लावून दिले त्याने, पण बिल देताना तोंडी एक अट घातली: महिन्यातून एकदा वर सरकवून पुसायचं, नाहीतर पुढच्या खेपेला सीलचे पैसे दुप्पट.