टेकडी उतरण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मुलीने आम्हांला एक तक्ता पाठविला. ती, आमचे जावई आणि चार वर्षांची नात असे तिघे फ्लोरिडातील टॅम्पा येथे राहतात. तक्त्यात दोन रकाने होते : ‘इकडे येण्याचे फायदे’ आणि ‘इकडे येण्याचे तोटे’. खाली एकच ओळ होती – आईबाबा, तुम्ही दोघांनी मिळून भरा आणि दिवाळीपर्यंत कळवा. आम्हां दोघांचेही आयुष्य शाळेत मराठी शिकविण्यात गेलेले असल्यामुळे आम्ही प्रथम तक्त्यातील शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. ही उत्तर टाळण्याची युक्ती होती, हे त्याच रात्री आमच्या लक्षात आले.

निवृत्तीनंतर मुंबई सोडून आम्ही कोसबाडच्या टेकडीच्या पायथ्याशी राहावयास आलो, त्याला आता अकरा वर्षे होतील. त्यामुळे स्थलांतर म्हणजे काय हे आम्हांला अगदीच ठाऊक नाही असे नाही. परंतु ते स्थलांतर एका लोकलगाडीच्या अंतराचे होते, आणि पटले नाही तर परत जाता येईल असे मनात धरून केलेले होते. हे वेगळे आहे. म्हणून आम्ही तक्ता गंभीरपणे भरण्याचे ठरविले.

फायद्यांचा रकाना भरणे सोपे गेले. फ्लोरिडा उबदार आहे. उन्हाळ्यात तेथे दुपारी ढग भरून येतात आणि आपल्यासारखाच धो धो पाऊस पडतो. नारळ आहे, आंबा आहे, समुद्र आहे. राज्याचा प्राप्तिकर नाही, असे जावयांनी आवर्जून लिहिले होते. मात्र आमच्या निवृत्तिवेतनाकडे पाहता हा फायदा नोंदविणे आम्हांला थोडे विनोदी वाटले. पासष्टी उलटलेली माणसे तेथे पाचांत एक या प्रमाणात आढळतात, त्यामुळे म्हाताऱ्यांची सोय कशी करावी हे त्या राज्याला नव्याने शिकावे लागत नाही. मुलगी अमेरिकेची नागरिक झालेली असल्यामुळे आईवडिलांना कायम वास्तव्याचा परवाना मिळविण्यात वार्षिक संख्येची अडचण नाही. आणि सर्वांत मोठा फायदा तिने स्वतः लिहिला नव्हता, तरी तो प्रत्येक ओळीत होता : नात.

तोट्यांचा रकानाही रिकामा राहिला नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा हंगाम. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस ‘हेलीन’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘मिल्टन’ अशी दोन वादळे पंधरवड्याच्या आत त्या किनाऱ्यावर आली, तेव्हा आम्ही रात्रभर दूरध्वनीजवळ बसून होतो. संपूर्ण फ्लोरिडातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून अवघी ३४५ फूट उंच आहे. पाणी आले तर चढून जावे अशी टेकडी नाही. आम्हांला मोटार चालविता येत नाही आणि तेथे मोटारीवाचून दूधही आणता येत नाही. आजारपणाचा विचार केला तर वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना आमच्यासारख्या नव्या रहिवाशाला पाच वर्षे सलग राहिल्यानंतरच हप्ते भरून घेता येते. मधल्या काळात आमच्या गुडघ्यांनी आणि रक्तदाबाने समंजसपणा दाखवावा, अशी अपेक्षा. शिवाय कायम वास्तव्याचा परवाना घेतला की ते घर खरोखरच आपले घर मानावे लागते. वर्षाचा बहुतेक काळ कोसबाडला काढून तो टिकविता येत नाही.

याच रकान्यात आम्ही चिकूची एक नोंद केली. चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो आमच्या या पट्ट्यात आला आणि इतका रुजला, की डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दक्षिण फ्लोरिडातही तो वाढतो. तेथे त्याचे नाव ‘सॅपोडिला’. परंतु तेथील वनस्पतितज्ज्ञांनी त्याला रानात घुसून मूळच्या झाडांची जागा घेणाऱ्या परक्या झाडांच्या यादीत घातले आहे. एकच झाड एका किनाऱ्यावर भूमिपुत्र ठरते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर घुसखोर. चिकूला याचे काही वाटत नसावे. आम्हांला वाटले.

इकडच्या बाजूचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडावयास हवा. कोसबाड म्हणजे शांतता, वाड्या आणि पाखरे असे आम्ही पाहुण्यांना सांगतो आणि ते खोटे नाही. परंतु २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, हेही खोटे नाही. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट रोजी पायाभरणी झाली. ज्या कोसबाडसाठी आम्ही येथे राहणार, ते कोसबाड आमच्या डोळ्यांदेखत दुसरेच काही होऊ शकते. रात्री-अपरात्री छातीत दुखले तर मोठ्या इस्पितळाची वाट लांबची आहे, ही गोष्ट तर आम्ही एकमेकांशीही बोलत नाही.

दोन्ही रकाने भरले आणि तोल जवळजवळ सारखा झाला. अशा वेळी जुन्या शिक्षकाला पुस्तकांकडे वळण्याची खोड असते. अमेरिकेला जाण्याची साधकबाधक चर्चा मराठी माणसाने प्रथम जाहीरपणे केली ती बहुधा १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधील श्रीरामपूर येथे. आनंदीबाई जोशी तेव्हा अठरा वर्षांच्याही नव्हत्या. लोक त्यांना जे प्रश्न विचारीत ते त्यांनी भाषणात एकेक करून घेतले : अमेरिकेस का जाता, येथेच शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, तेथे काही संकट ओढवले तर काय, आणि आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे. आमच्या तक्त्याशेजारी हे सहा प्रश्न ठेवून पाहिले तेव्हा आम्ही ओशाळलो. त्यांत हवा नाही, कर नाही, विमा नाही. तेथे जाऊन मला काय मिळेल यापेक्षा मी कोणासाठी जाते आणि कोणाकडे परत येणार, याच प्रश्नाभोवती ते सगळे फिरतात. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात त्यांना वैद्यकीची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. फायद्यातोट्याच्या कोणत्याही हिशेबाने तो व्यवहार बुडीत ठरला असता.

आणि हिशेब मांडण्याची संधी तरी कितीजणांना मिळते? भातकापणी आटोपून दिवाळी झाली की आमच्या आसपासच्या पाड्यांवरील कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. कित्येक तरुण गुजरातच्या बंदरांतील मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. पोरे, कोंबड्या, भांडी घेऊन माणसे टेंपोत चढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना कोणी दोन रकान्यांचा तक्ता पाठवीत नाही. आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या वारली बाईंना आम्ही फ्लोरिडाची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की तिकडे तुमचे कोण आहे. लेक आणि नात आहे म्हटल्यावर, मग त्यात विचार कसला करायचा, असा त्यांचा चेहरा झाला.

वास्तविक कोसबाडला राहून या प्रश्नाचे उत्तर दूर शोधण्याचे कारण नव्हते. कोसबाड हे नाव मराठी वाचकाला माहीत आहे ते एका स्थलांतरामुळेच. ताराबाई मोडक राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती प्रतिष्ठेची जागा सोडून १९२३ साली त्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करण्यास भावनगरला गेल्या. तेथून मुंबईत दादरला, मग १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. आणि १९५७ साली, ताराबाईंची पासष्टी झाली तेव्हा, ग्राम बाल शिक्षा केंद्राने बोर्डी सोडून ही टेकडी गाठली. बोर्डीत काम बरे चालले होते. सोयी होत्या, शिकलेली वस्ती होती, माणसे जोडलेली होती. तक्ता मांडला असता तर बोर्डीचा रकाना सहज भरला असता. परंतु आदिवासी मुले बोर्डीत नव्हती. ती पाड्यांवर होती.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे ते सूत्र. ते एकदा मान्य केले की पुढचे सगळे त्यातून निघते. पाड्यावरच्या अंगणात भरणारी अंगणवाडी त्यातूनच आली, गुरे राखणाऱ्या मुलांमागे माळावर जाणारी कुरणशाळाही त्यातूनच आली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, पाने, खडे, शंखशिंपले यांनी शिकविणे हेही त्याचेच रूप. निवृत्तीनंतर आम्ही येथे येण्याचे ठरविले त्यामागे अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ होते, हे कबूल करावयास हरकत नाही. ताराबाई आणि अनुताई म्हणजे आमच्या बाजूचे भक्कम साक्षीदार, कोसबाड न सोडण्याचा पुरावा, अशीच आमची समजूत होती.

तक्ता पुढे ठेवून विचार करू लागलो तेव्हा हे साक्षीदार उलटले. ताराबाईंनी कोसबाडवर प्रेम केले असेल, पण त्या कोसबाडसाठी येथे आल्या नव्हत्या. मूल जेथे आहे तेथे जावे, एवढेच त्यांना कळत होते. आमची नात टॅम्पाला आहे. आजी-आजोबा तिला पडद्यावर दिसतात, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. मराठी तिला समजते असे मुलगी म्हणते, परंतु उत्तर ती इंग्रजीत देते. सुटीत ती येथे येईल आणि मराठी बोलू लागेल, अशी वाट पाहत आम्ही ओटीवर बसलो आहोत. म्हणजे बोर्डीत बसून पाड्यावरच्या मुलांची वाट पाहण्यासारखेच हे झाले.

यावर आम्हीच आक्षेप घेतला. ज्यांच्याकडे कोणी जात नव्हते त्यांच्याकडे ताराबाई गेल्या. आमच्या नातीला काय कमी आहे? चांगली शाळा आहे, पुस्तके आहेत, आईबाप आहेत. तिला मराठी येणे ही तिची गरज की आमची हौस? आपल्या म्हातारपणाच्या एकटेपणाला शिक्षणाचे तत्त्व चिकटवून आपण त्याला उदात्त तर करीत नाही ना? या आक्षेपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. थोडी हौस आहेच. दुसरीकडे, येथे आमच्या ओटीवर पाड्यावरची सात-आठ मुले दुपारी गोष्टीची पुस्तके वाचावयास येतात. त्याला शाळा म्हणणे धाडसाचे होईल. पण आम्ही गेलो तर ती पुस्तके कपाटात राहतील, हेही खरे. तेव्हा फ्लोरिडा की कोसबाड हा प्रश्न मुळात नव्हताच. हे मूल की ती मुले, हा प्रश्न होता, आणि दोन रकान्यांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

उत्तर शेवटी पाड्यानेच दिले. दिवाळीनंतर ओटीवरची बहुतेक मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एवढी वर्षे हे आम्ही पाहत आलो, पण आपल्या संदर्भात त्याचा विचार कधी केला नव्हता. पर्यटक म्हणून अमेरिकेत गेले तर एका खेपेस बहुधा सहा महिने राहता येते. डिसेंबर ते मे हा तेथील वादळांच्या हंगामाबाहेरचा काळ. उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले वृद्ध याच दिवसांत फ्लोरिडात येतात, त्यांना तेथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. आम्हांला मात्र आमच्या पाड्याचे हंगामी स्थलांतर अधिक जवळचे वाटते, अर्थात आम्ही विमानाने जाणार आणि ती टेंपोने, हा फरक विसरण्याजोगा नाही. मागे राहणाऱ्या दोन-तीन मुलांसाठी पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आम्ही वाडीतल्या बाईंकडे ठेवणार आहोत.

हा तोडगा कायमचा नाही, याची आम्हांला जाणीव आहे. गुडघे आणखी किती खेपा निभावतील ते सांगता येत नाही. आम्हां दोघांपैकी एकच मागे उरेल तेव्हा तक्ता पुन्हा समोर येईल, आणि त्या वेळी तो भरणारे माणूस एकटे असेल. ते आज ठरविता येणार नाही.

मुलीला तक्ता परत पाठविताना आम्ही त्यात तिसरा रकाना आखला : ‘कोणासाठी’. त्यात नातीचे नाव लिहिले आणि खाली पाड्यावरच्या मुलांची नावे लिहिली. आमची नावे लिहावीत की नाही यावर आमच्यात थोडा वाद झाला. शेवटी तीही लिहिली. सामानात गुंजा, चिंचोके, सागरगोटे असे काही नेता येईल का, अशीही चौकशी केली. बिया विमानातून आणू देत नाहीत, असे तिचे उलट उत्तर आले. हरकत नाही. समुद्र तेथेही आहे, शिंपले तेथेच वेचू.