घोड्यावरून पडण्याचा हक्क



एरवी मी वसतिगृहं, रखडलेल्या शिष्यवृत्त्या आणि ॲट्रॉसिटीच्या केसेस यांवर लिहिते. आज घोड्यावर लिहिणार आहे. ज्यांना हे चोचले वाटतील, खरं तर त्यांच्याशीच मला बोलायचं आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी घोड्यावरून पडले. तीन महिने शिकून झाले होते, दुडकी जमायला लागली होती आणि थोडा माजही चढला होता. पावसाळ्याच्या तोंडावर तबेल्यावर निळी ताडपत्री टाकायचं काम चालू होतं. वाऱ्याने तिचं एक टोक फडफडलं आणि घोडा एकदम बाजूला उडाला. मी मात्र सरळच गेले. घोडा हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. काही अचानक हललं की तो आधी पळतो, मग बघतो. म्हणजे त्याच्या बाजूने त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझं डाव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं, हेल्मेटला तडा गेला आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला.

"लगेच परत चढा, नाहीतर भीती बसेल," असं तिथल्या एका शिकाऊ गृहस्थांनी मला जमिनीवर असतानाच सांगितलं. हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. डोक्याला मार लागला असेल तर तो सरळ सरळ घातक आहे, हे इथेच सांगून ठेवते.

हाड बसलं. भीती गेली नाही. आणि त्या भीतीत माझी आई, माझं गाव, माझे कार्यकर्ते सहकारी असे बरेच जण येऊन बसले होते.

आई दवाखान्यात म्हणाली, "मी सांगत नव्हते का, घोडा आपला नाही." हे वाक्य तिचं नाही, ते गावाचं आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. लग्न बौद्ध पद्धतीने, पण वरातीला घोडा हवाच असा दादाचा हट्ट. वरात मारुतीच्या देवळासमोर आली तेव्हा तिथे गावातली काही मोठ्या घरची माणसं उभी होती. मारहाण झाली नाही, आरडाओरडाही फारसा झाला नाही. दादा उतरला आणि चालत पुढे गेला. घोड्याचे पैसे आगाऊ दिलेले होते. त्यामुळे तो झालर घातलेला रिकामा घोडा आमच्या मागून वस्तीपर्यंत चालत आला. त्या रात्री जेवताना कोणीच त्या विषयावर बोललं नाही.

समाजशास्त्रात एम.ए. करताना बोर्द्यू वाचला. समाजातली आपली जागा आपल्या शरीरात मुरते, असं तो म्हणतो. कसं बसायचं, किती जागा घ्यायची, कुठे नजर खाली करायची, हे कोणी न शिकवता अंगात येतं. परीक्षेत मी यावर छान उत्तर लिहिलं होतं. पण त्याचा अर्थ मला कळला तो खोगिरावर. शिकवणारा पहिल्या दिवसापासून ओरडायचा, "मान वर! जिथे जायचंय तिथे बघा!" आणि मी प्रत्येक वेळी घोड्याच्या पायांकडे बघायचे. उंचावर बसून समोर सरळ बघणं माझ्या पाठीच्या कण्याला माहीतच नव्हतं. शेजारची बारा वर्षांची मुलगी पहिल्याच दिवशी तसं बघत होती. तिच्या घरात तीन पिढ्या घोडे होते.

ती मुलगीही मागे दोनदा पडली होती. तिच्या घरचे हसून म्हणाले, सात वेळा पडल्याशिवाय स्वार होत नाही. मी एकदा पडले, तर निकाल लागला. फरक एवढाच आहे आणि एवढा मोठा आहे. त्यांचं पडणं शिक्षणात जमा होतं, आपलं जातीच्या खात्यावर. पहिल्या पिढीतला आपला मुलगा इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाला की "कोट्यातून आला होता ना" असं म्हणतात. त्याच बाकावरचा दुसरा नापास झाला की त्याला "ॲडजस्ट व्हायला वेळ लागतो". वसतिगृहातून असे परत गेलेले मुलगे-मुली मी पाहिले आहेत. त्यांना कोणी काढलं नव्हतं. एकदा पडायची सवलत आपल्याला नाही, हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं.

1929 साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तो प्रसंग आपल्याला पाठ आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी तो लिहिला आहे. स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला टांगेवाले तयार होईनात. अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकणं त्यांना कमीपणाचं वाटलं. शेवटी तोडगा निघाला: टांगा भाड्याने देऊ, हाकणारा तुमचा आणा. आपल्यातला एक जण हाकायला बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या पुलाशी टांगा आपटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला.

बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, हा मुद्दा आपण भाषणांत नेहमी मांडतो. हात झोळीत असताना मी पुन्हा वाचलं तेव्हा मला तो हाकणारा माणूस दिसला. ज्याला लगाम कधी हातात धरू दिला नाही, त्याच्या हातात तो एकदम दिला, तोही त्या दिवशी, एवढा मोठा माणूस मागे बसलेला असताना. टांगा उलटल्यावर स्टेशनवर काय बोललं गेलं असेल, याची मी कल्पना करू शकते. मला वाटतं, तुम्हीही करू शकता.

आता आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे येते. मी त्यांना काका म्हणते. चळवळीत त्यांची चाळीस वर्षं गेली. मी पुन्हा चढणार म्हटल्यावर ते चिडले. "घोडा हे सरंजामी प्रतीक आहे. वरच्या जातींची नक्कल करणं म्हणजे संस्कृतीकरण, हे तू एम.ए.ला शिकलीस ना? महिन्याला चार हजार रुपयांत आपल्या वसतिगृहातल्या किती मुलींची पुस्तकं येतील?"

पैशाचा मुद्दा मला आजही टोचतो. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आता मी महिन्यातून दोनदाच जाते. पण प्रतीकाचा मुद्दा मला मान्य नाही. मार्च 2018 मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात 21 वर्षांच्या एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा पाळतो, त्यावर बसतो म्हणून त्याला धमक्या येत होत्या, असं त्याच्या वडिलांनी तक्रारीत सांगितलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूरची एक वरात मोठ्या पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. या मुलांना सरदार व्हायचं नव्हतं. एकाला घोडा आवडत होता, दुसऱ्याला गावातल्या रस्त्याने जायचं होतं. घोड्याला सरंजामी अर्थ मनाई करणाऱ्यांनी दिला. तो अर्थ आपण मान्य करून खाली राहायचं, याला मी विद्रोह म्हणणार नाही. काका, तुमची बुलेट आहे. तिच्यावर तुम्ही गावात शिरता तेव्हा आवाज जरा वाढवता, हे मी मागे बसून ऐकलेलं आहे.

आणि घोडा खरंच कोणाचा? आमच्या तबेल्यात पहाटे पाचला चारा घालणारे, लीद काढणारे, खरारा करणारे मोतद्दार मामा कोणत्या समाजाचे, हे मी इथे लिहीत नाही. पण ते बंगल्यातले नाहीत. खोगीर न घालता, अनवाणी पायांनी ते जसे बसतात तसं तिथे फी भरणाऱ्या एकालाही बसता येत नाही. तरी स्पर्धेच्या फलकावर 'स्वार' म्हणून त्यांचं नाव कधी लागत नाही. त्यांना 'घोड्याचा माणूस' म्हणतात.

मला परत शिकवलं ते त्यांनी. सप्टेंबरमध्ये गेले तेव्हा रिकिबीला हात लावला आणि घाम फुटला. मामा म्हणाले, "ताई, आज चढायचंच नाही. खरारा घ्या." तीन खेपा मी फक्त खरारा केला, खूर साफ केले, लगाम धरून त्याच्या बाजूने चालले. चौथ्या खेपेला चढले, पण लांब दोर मामांच्या हातात होता आणि फक्त कदम चाल. माझा घोडा रेसमधून निवृत्त झालेला. लगाम ताणला की त्यावर भार टाकून जोरात पळायचं, हे त्याला लहानपणी शिकवलेलं. म्हणजे घाबरून मी जितकी ओढणार तितका तो सुटणार. भीतीत हात सैल सोडणं ही काय गोष्ट आहे, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरं म्हणजे श्वास. मी श्वास रोखला की मांड्या आवळल्या जायच्या, आणि तो लगेच कान मागे-पुढे करत धोका शोधू लागायचा. विहारात आनापानाला बसून इतकी वर्षं श्वास बघितला, पण तिथे कोणी मला अंगावरून खाली टाकणार नव्हतं. मामा म्हणाले, "मोजता येत नसेल तर काहीतरी गुणगुणा. गाणाऱ्याचा श्वास अडत नाही." मी वस्तीतली भीमगीतं गुणगुणत गोल फिरले. हेल्मेट नवीन घेतलं, एकदा आदळलेलं पुन्हा वापरायचं नसतं. रिकिबीत पाय फक्त चवड्यापर्यंत, टाच खाली. म्हणजे पडले तरी पाय अडकून फरफट होत नाही. पडण्याची तयारी ठेवून बसल्यावर मान आपोआप वर गेली.

भीती गेली का? नाही. ताडपत्रीचा कोपरा आला की पोटात अजून गोळा येतो. घोड्यालाही तो आठवतो की माझ्यामुळे आठवतो, हे कळायला मार्ग नाही.

डिसेंबरमध्ये आईला घेऊन गेले. ती कुंपणाबाहेर खुर्चीवर बसली, पदर तोंडाला लावून. त्या कोपऱ्यावरून दुडकीत तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला ताडपत्री हलली, घोडा थबकला, मी आयाळ धरली आणि बसून राहिले. मग मीच थांबवलं. उतरल्यावर आई घोड्याजवळ आली नाही. लांबूनच मामांना म्हणाली, "ह्याला गूळ चालतो का?"