विठ्ठलवाडीची दुपार आणि दारचे कुत्रे

कल्याणनंतर कर्जतच्या वाटेवरील पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. वैशाखात येथे पारा विदर्भाइतका चढत नाही. मात्र दमट हवा, पत्र्याची छपरे आणि तापलेले काँक्रीट यांमुळे दुपार असह्य होते. आपल्याला घाम तरी येतो. कुत्र्याला तो प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांनाच येतो. त्याची खरी भिस्त धापा टाकण्यावर. जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा सुकताना उष्णता बाहेर पडते. हवाच ओली असली की हा उपाय लंगडा पडतो. म्हणून ३५ अंशांची दमट दुपारही त्याला घातक ठरू शकते. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना तर अधिकच.

फिरवणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री असावे. त्याला गच्चीवर बांधू नये, बंद मोटारीत क्षणभरही ठेवू नये.

कुत्र्याचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. सतत धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी सावलीत नेऊन साध्या गार पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि त्वरित पशुवैद्यकांकडे न्यावे. घरातील पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये: हा ताप नव्हे, आणि ते औषध कुत्र्याला विषारी ठरू शकते.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा विठ्ठलाचे नाव मिरवणाऱ्या वस्तीला नव्याने सांगायला नको. तूप राहो, दाराशी सावलीत पाण्याने भरलेले पसरट मातीचे भांडे तरी असावे.