कासवाची परात

मराठीत कासव एकच. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले हेही कासव, विहिरीत दिसणारं तेही कासव आणि सहाराच्या दक्षिणेला कोरड्या माळावर बिळं खणून राहणारं सुलकाटा हेही कासवच. त्यामुळे माझ्याकडे येणारे सुलकाटाचे बहुतेक मालक आधी एकच सांगतात, "टाकी चांगली खोल करा, पोहायला पाहिजे त्याला." मी थापी खाली ठेवतो आणि म्हणतो, साहेब, हे पोहत नाही. याचे पाय खांबासारखे आहेत, वल्ह्यासारखे नाहीत. खोल पाण्यात हे बुडून मरेल.

मी मुळशीतला गवंडी. पौड, कोळवण, पिरंगुट या बाजूला फार्महाउस उठली तशी आमची कामं बदलली. माझे वडील गुरांचे हौद बांधायचे. हौदाची भिंत सरळ असते, कारण बैल बाहेर उभा राहून मान खाली घालतो. कासव मात्र सगळंच्या सगळं पाण्यात उतरतं. एवढा साधा फरक मला पहिल्या कामाला कळला नाही. दीड फूट खोल, उभ्या भिंतींचं टाकं बांधलं आणि एका बाजूला पायऱ्या ठेवल्या. जूनमध्ये एका रात्री पाऊस कोसळला. जांभळाच्या पानांनी निचऱ्याचं तोंड बुजलं. सकाळी गेलो तर पस्तीस किलोचं ते जनावर कोपऱ्यात पुढचे पाय भिंतीला लावून उभं होतं. मान ताणलेली आणि नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर. पायऱ्या त्याच्या मागे तीन फुटांवर होत्या, पण त्याला त्या सापडल्या नव्हत्या. दोघांनी मिळून त्याला उचलून काढलं. ते जगलं. त्याच आठवड्यात ते टाकं मी माझ्या खर्चानं फोडलं.

तेव्हापासून मी टाकं बांधत नाही, परात बांधतो. आठ फुटांचा गोल, मध्ये दोन फूट सपाट आणि तिथून चारही बाजूंनी फुटाला दोन इंच चढ. जनावरानं कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी समोर वाटच असली पाहिजे. मध्यावर खोली सहा इंच येते, पण पाच इंचांवर मी एक भोक ठेवतो. पाणी त्याच्या वर चढत नाही. मोठ्या सुलकाटाची हनुवटी त्या पाण्याच्या वर राहते. भरायला साधारण २०० लिटर लागतं, म्हणजे एक बॅरल.

खाली मुरूम ठोकून दगडी सोलिंग करतो. सुलकाटा जातीनंच खोदणारं आहे, पोकळ कडेखाली ते पंजा घालणारच. वर कोंबडीची जाळी आणि एकास तीनचा माल. गिलावा ओला असताना त्यावर खराटा ओढतो. नव्या पोराला हात गुळगुळीत फिरवायची सवय असते, त्याला मी थांबवतो. घोटलेल्या सिमेंटवर शेवाळ धरलं की चाळीस किलोचं जनावर चढावर घसरतं. खराट्याच्या रेघाही आडव्या हव्यात, चढणाऱ्या नखाला अडकतील अशा. मग दहा दिवस पाणी मारायचं. त्यानंतर परात भरायची, दोन दिवसांनी ओतून द्यायची, पुन्हा भरायची. नव्या सिमेंटचा क्षार तीन-चार पाण्यांत उतरतो. त्याआधी जनावर आत सोडू देत नाही.

मालक विचारतात, एवढ्या पावसाच्या मुळशीत याला परात कशाला? २०२४च्या जुलैत ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. पण तो पाऊस गार असतो, आणि ओल व गारठा एकत्र आले की या जनावराची छाती भरते. पावसाळ्याचे चार महिने परातीच्या तळाचं बूच काढून ठेवायचं आणि जनावर कोरड्या, उबदार खोलीत. परात खरी लागते ती दिवाळीनंतर, गवत वाळून माळ पिवळा पडला की. दुपारी ऊन तापलं की उथळ पाणी कोमट होतं. जनावर उतरतं, डोकं बुडवतं आणि कितीतरी वेळ पितं. मग पाण्यातच मोकळं होतं. लघवीबरोबर पांढरा लगदा पडतो. तो मी मालकाला बोटांवर चोळून बघायला सांगतो. भिजलेल्या चुन्यासारखा मऊ असला तर ठीक. वाळूसारखा खरखरला तर जनावर तहानलेलं आहे, आणि असंच चाललं तर मूत्राशयात खडे होतात. बघून झालं की हात साबणानं धुवायचे आणि पाणी त्याच दिवशी सोडायचं. दोन इंची पाइप मी केळीकडे वळवतो.

एका कामाला मी नाही म्हणतो. आपल्याकडचं स्टार कासव, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, कोणी पाळलं असेल तर मी ओळंबाही काढत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा. त्यांना बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्राचा पत्ता देतो. सुलकाटा परदेशी असलं तरी त्याचीही सरकारदरबारी नोंद लागते. ती आहे का, हे आधी विचारतो.

परात पाण्यानं भरली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. पहिल्या दिवशी मी कडेला बसून राहतो. मालकाला सांगतो, त्याला हाक मारू नका, पाला दाखवू नका. ते आपल्या मनानं उतरतं, पितं, डोळे मिटून पडून राहतं. मग कधीतरी पाय हलतो. नखं रेघांवर वाजतात, पोट कडेवरून घासत वर येतं, आणि मुरमावर एक रुंद ओला पट्टा उमटत जातो. तो पट्टा दिसला की मी थापी धुवायला घेतो.